मे महिन्यातला कॅम्प वर्षभर टिकवायचा कसा

परवा उपासना संपल्यावर आमच्या चर्चमधल्या दोन-तीन जणींनी मला धरलं आणि विचारलं, ताई तू एवढी वर्षं चर्चच्या मुलांच्या उन्हाळी कॅम्पला जायचीस, आमच्या मुलांना पाठवायचं तर काय बघायचं, आणि खरंच मुलांमध्ये काही फरक पडतो का की नुसतं खेळून येतात. उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं म्हणून इथे नीट लिहिते आहे. मी इंदूरची, मराठी ख्रिस्ती घरातली. आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी महूला आले आणि मग आम्ही इकडचेच झालो. पहिला कॅम्प केला तेव्हा नऊ वर्षांची होते, शेवटचा सव्वीसाव्या वर्षी, मधले तीन सुटले, दोनदा बोर्डाच्या वर्षाचे उन्हाळी क्लासेस आणि एकदा दादाचं लग्न, म्हणजे एकूण १५ उन्हाळे. बहुतेक सगळे पचमढीला, मध्य प्रदेशातल्या थंड हवेच्या ठिकाणी.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एका कॅम्पने मूल बदलत नाही. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी सगळे रडतात, गळ्यात पडतात, आता मी रोज बायबल वाचणार, आईला उलट बोलणार नाही असं ठरवतात, आणि ते खोटं नसतं, त्या क्षणी अगदी मनापासून असतं. पण शाळा सुरू झाली की महिनाभरात उतरतं. मला जे मिळालं ते शेवटच्या रात्रींमधून नाही मिळालं, त्याच जागी परत परत जाण्यातून आणि दरवर्षी वेगळं काम अंगावर घेण्यातून मिळालं. तेव्हा पाठवणार असाल तर एका वर्षाचा विचार करू नका, चार-पाच वर्षांचा करा, आणि दरवर्षी नवीन कॅम्प शोधत बसू नका.

कॅम्प निवडताना

मूल लहान असेल, सात-आठ वर्षांचं, तर आधी आपल्याच चर्चमधलं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, करू द्या. सकाळी जायचं, दुपारी घरी यायचं, गाणी, गोष्टी, क्राफ्ट, पाठांतराची वचनं याची सवय होते. निवासी कॅम्पमध्ये रात्री घराबाहेर काढायच्या असतात, ती गोष्टच वेगळी.

निवासी कॅम्पला नाव घालण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा की एका लीडरकडे किती मुलं. अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे सम्नर डडली यांनी १८८५ मध्ये पहिला कॅम्प घेतला तेव्हा सात मुलांना घेऊन गेले होते, तो कॅम्प अजूनही दर उन्हाळ्यात भरतो. मला हा सातचा आकडा फार आवडतो, कारण माझ्या अनुभवात सात-आठ मुलं असतील तर लीडरला कळतं की आज कोण जेवलं नाही आणि कोण गप्प आहे. पंधरा-वीस झाली की नुसती मोजणी होते, हजेरी घेतल्यासारखी.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा, आणि इथे भिडस्तपणा अजिबात नको. चर्चचा कॅम्प आहे, सगळी आपलीच माणसं आहेत, असं विचारणं बरं दिसत नाही, असं पुष्कळ आईबाबांना वाटतं. विचाराच. मुलींच्या खोलीत रात्री बाई लीडर असते का, एकटा मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत कधी असू शकतो का (उत्तर स्पष्ट नाही असंच यायला हवं), मुलाला काही सांगायचं असेल तर त्याने कोणाकडे जायचं, जवळचा दवाखाना कोणता, फॉर्ममध्ये औषधं आणि अ‍ॅलर्जीची माहिती मागतात का. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनचा, १०९८ हा नंबर मुलाला पाठ करून द्या, कॅम्पसाठीच असं नाही, एकूणच. जिथे असे प्रश्न विचारल्यावर लोक नाराज होतात तिथे मी माझ्या घरातलं मूल पाठवणार नाही.

आणि शेजारपाजारच्या किंवा शाळेतल्या दुसऱ्या धर्माच्या मैत्रिणीला मुलगी सोबत ने म्हणाली तर तिच्या आईबाबांना आधी सगळं खरंखरं सांगा, तिथे बायबलचे धडे होतात, प्रार्थना होते, आणि त्यांची लेखी परवानगी असेल तरच न्या. खेळाचा कॅम्प आहे असं अर्धवट सांगून नेणं मला साफ चुकीचं वाटतं, ज्याच्या नावाने कॅम्प घेतो त्याच्यापुढे उभं राहून आपण खोटं कसं बोलणार.

जायच्या आधी

दोन-तीन महिने आधीपासून मुलाला घराबाहेर झोपायची सवय करा. आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे दोन रात्री, आईबाबांशिवाय, आणि शक्यतो फोन न करता. एवढ्या एका गोष्टीने अर्धी रडारड वाचते. आणि निघताना चुकूनही म्हणू नका की नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन. प्रेमाने म्हणतो आपण, पण मूल मग पाच दिवस त्या फोनचाच विचार करतं. त्यापेक्षा म्हणा, आठवण येईल, सगळ्यांना येते, दुपारी कमी होते आणि रात्री परत येते.

सामानाचं थोडक्यात. सतरंजी, पातळ पांघरूण (पचमढी हजार मीटरच्या वर आहे, इंदुरात बेचाळीस डिग्री असताना तिथे पहाटे गारवा असतो), टॉर्च, बंद बूट, ओआरएसची पाकिटं, नाव लिहिलेली पाण्याची बाटली. खाऊ द्यायचा तर शेव-परमल (शेव-कुरमुरे) झाकणाच्या डब्यात द्या, पिशवीत नको, माकडं हातातून ओढून नेतात. इंदूरहून रेल्वेने पिपरियाला उतरायचं आणि तिथून जीप, पन्नास-एक किलोमीटर, वळणं पुष्कळ, गाडी लागणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि आलेपाक द्या.

आणि एक वही. कोरी, साधी, दोनशे पानी. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पहिल्या दोन रात्री

इथे मी जरा थांबून सांगणार आहे कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. सतरा वर्षांची असताना मला पहिल्यांदा छोट्या मुलींच्या गटाची असिस्टंट लीडर केलं होतं. दुसऱ्या रात्री एक मुलगी रडायला लागली, थांबेचना, बाकीच्या जागायला लागल्या, आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं की इतकी मोठी झालीस, एवढा विश्वास नाही का तुझा, प्रार्थना कर आणि झोप. ती गप्प झाली. मला वाटलं जमलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही आणि पुढच्या वर्षी आलीच नाही. आजही इंदूरच्या व्हाइट चर्चच्या चौकातून जाताना, जिथून आमची गाडी सुटायची, मला तिचा चेहरा आठवतो.

नंतर एका मोठ्या ताईने मला बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट परत वाचायला सांगितली, १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. एलीया थकून, घाबरून झाडाखाली जाऊन बसतो, मला मरण दे म्हणतो. आणि देवदूत येऊन काय करतो, तर त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला देतो. उपदेश नाही, तू असा कसा रे असंही नाही. बोलणं पुष्कळ नंतर, डोंगरावर. ताई म्हणाली, तुझ्याकडे रात्री रडत येणाऱ्या मुलीला आधी पाणी दे, बिस्कीट दे, तिच्याशेजारी बस, आणि सकाळी बोल.

त्यानंतरची सगळी वर्षं मी हेच केलं. पाणी, दोन बिस्किटं, चादर नीट करायची, आणि घरी कोण कोण आहे, कुत्रं आहे का मांजर, असं काहीतरी विचारायचं. घरचा विषय टाळायचा नाही, उलट बोलू द्यायचं. आणि सकाळी उठल्या उठल्या हाताला काम द्यायचं, ताटं मोजायची, सतरंज्या घालायच्या. काम असलं की मूल पाहुणं राहत नाही.

क्वाएट टाइम आणि वही

बहुतेक कॅम्पमध्ये सकाळी पंधरा-वीस मिनिटं क्वाएट टाइम असतो, प्रत्येकाने एकट्याने झाडाखाली किंवा पायरीवर बसून बायबलचा छोटा उतारा वाचायचा, प्रार्थना करायची. नऊ वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं फार होतात, मी पहिल्या वर्षी मुंग्या बघत बसायचे. चालेल. मुंग्या बघत बसणं पण शांत बसणंच आहे.

पण वही लिहायला लावा. त्यात चांगलं चांगलं लिहायचं नाही. लीडर वाचणार नाही आणि आई पण वाचणार नाही हे मुलाला आधी सांगा आणि तो शब्द पाळा. रोज तीनच गोष्टी. आज काय झालं, आज कशाची भीती वाटली किंवा राग आला, आणि आज देवाला काय सांगायचं आहे. माझ्याकडे त्यातल्या अकरा वह्या अजून आहेत. दहाव्या वर्षी भीतीच्या जागी लिहिलंय, संडासात पाल आहे. चौदाव्या वर्षी, माझं नाव घेऊन कोणी हसलं तर. एकविसाव्या वर्षी, मला काहीच वाटत नाहीये याची भीती. एकाच वहीत सगळी वर्षं नसली तरी हरकत नाही पण दरवर्षी तेच तीन प्रश्न ठेवा, म्हणजे पुढे ओळीने ठेवून वाचता येतं आणि तेव्हाच कळतं की आपण कुठून कुठे आलो, त्या त्या वर्षी आतून ते कधीच कळत नाही.

पाठांतराचं पण सांगते. वचनं पॉइंटसाठी पाठ करतात मुलं, टीमचे पॉइंट वाढतात म्हणून, आणि काहींना ते आवडत नाही. मला तरी त्यात काही गैर वाटत नाही. पाठ होऊ द्या, अर्थ मागून येतो. स्तोत्र १२१ मी पिपरियाहून वर जाताना जीपमध्ये पाठ केलं, आठच ओव्या आहेत, सुरुवातच डोंगरांकडे बघण्याने होते, आणि यरुशलेमला वर चढणारे यात्रेकरू जी स्तोत्रं म्हणायचे त्यातलंच ते आहे. तेव्हा मला फक्त दहा पॉइंट दिसत होते. पप्पांना आयसीयूत ठेवलं होतं त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर मला दुसरं काहीच सुचत नव्हतं आणि ते आपोआप तोंडात आलं, सगळंच्या सगळं.

आपल्यासारख्या घरांसाठी भाषेची एक गोष्ट वेगळी आहे. घरी आम्ही मराठीत प्रार्थना करायचो, आजी भेटणाऱ्या सगळ्यांना सलाम म्हणायची, आणि कॅम्पला सगळं हिंदीत, सलामच्या जागी जय मसीह की, आमचा येशू तिथे यीशु व्हायचा. पहिली दोन वर्षं मी मोठ्याने प्रार्थनाच केली नाही, हिंदी यायचं, पण प्रार्थनेची हिंदी यायची नाही. मग एका दादांनी सांगितलं, तुझी प्रार्थना मराठीत कर, आमेन आम्ही म्हणू. केली. मोडकी तोडकी, दीड मिनिटाची. लीडर असाल तर हे नक्की करा, मुलाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्या. उसने घेतलेले मोठे मोठे शब्द म्हणायची सवय लागली की मग आयुष्यभर माणूस देवाशी भाषणासारखं बोलत राहतो.

दरवर्षी एक पायरी वर

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नऊ ते बारा नुसतं कॅम्पर राहू द्या, खेळू द्या. तेरा-चौदाला टीमची छोटी जबाबदारी मागून घ्या, झेंडा, ढोलक, अ‍ॅक्शन साँग पुढे उभं राहून घेणं. सोळाव्या वर्षी मुलं म्हणतात आता बोअर होतं, सगळ्या गोष्टी ऐकून झाल्या, आणि पुष्कळ जणं इथेच सुटतात. बोअर होतं हे खरंच असतं, रागावू नका. त्या वयाला ऐकायला नाही, करायला पाहिजे असतं. तेव्हा कॅम्पच्या लोकांशी बोला आणि मुलाला स्वयंपाकघरात घालायला सांगा.

मी स्वयंपाकघरात चार उन्हाळे होते आणि जेवढी वाढ तिथे झाली तेवढी कुठल्याच मीटिंगमध्ये नाही झाली. पहाटे साडेचारला उठायचं. ८० माणसांना सहा किलो पोहे. पहिल्या दिवशी मी सगळे एकदम भिजवले आणि लगदा झाला, तिथले स्वयंपाकी काका काही बोलले नाहीत, तेच पोहे घेऊन त्यात बेसन कालवून त्यांनी भजी केली, आणि दुसऱ्या दिवशी मला चाळणीत थोडे थोडे घेऊन धुवायला आणि मग इंदुरी पद्धतीने वाफेवर ठेवायला शिकवलं. तिथे मी शिकले की माझ्या चुकीचं पण कोणीतरी भजी करू शकतं. आणि हे की ८० जणांना वेळेवर गरम खायला मिळालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि तरी ते करायचं असतं. आज ऑफिसमध्ये, घरी सासूबाईंच्या आजारपणात, मला जे बळ पुरतं ते त्या चुलीपाशी आलेलं आहे असं मी अगदी खात्रीने सांगते.

विश्वास डळमळला तर

आजी गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी खूप प्रार्थना केली होती. त्या मे महिन्यात मला मुलींच्या गटाला बायबलचा धडा द्यायचा होता आणि माझ्या आत काहीच नव्हतं, रिकामं. जाऊच नये असं वाटत होतं. शेवटी कॅम्पच्या मुख्य दादांना फोन करून सरळ सांगितलं की मला सध्या प्रार्थना करता येत नाही, मी मुलींना काय शिकवू. मला वाटलं ते समजूत घालतील किंवा नको येऊस म्हणतील. ते म्हणाले, धडा दुसरं कोणी घेईल, तू ये, भाजी चिर.

मी गेले, दहा दिवस भाजी चिरली. संध्याकाळी गाणी चालायची तेव्हा मी मागे दाराशी बसायचे, गायचे नाही. कोणी ओढून पुढे नेलं नाही. आठव्या दिवशी एका गाण्याला मी गुणगुणले, मला स्वतःलाच नंतर कळलं.

तर लीडर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की शेकोटीच्या रात्री मुलांना उभं राहायला लावू नका. ज्याला साक्ष द्यायची आहे, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं आहे, तो देईल. दिवे मंद करून, गिटार हळू वाजवत, आता कोण कोण येशूसाठी उभं राहणार असं परत परत विचारत राहिलं की मूल बाजूची मैत्रीण उभी राहिली म्हणून उभं राहतं, आणि पुढे मोठं झाल्यावर तेच त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि ज्याच्या मनात प्रश्न आहेत त्याला हाताला काम द्या आणि राहू द्या.

परत आल्यावर

शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र डोंगरावर येशूचं तेजस्वी रूप बघतो आणि म्हणतो इथेच तीन मंडप बांधू. राहावंसंच वाटतं डोंगरावर, मला दरवर्षी वाटायचं. आणि खाली उतरल्याबरोबर काय असतं, तर एक आजारी मुलगा, त्याचा रडकुंडीला आलेला बाप आणि वाद घालणारी गर्दी. पिपरियाला उतरलं की तसंच, ऊन, घाम, गर्दी, आणि घरी आल्यावर भाऊ रिमोट देत नाही.

आईबाबांनो, पहिल्या दिवशी काही विचारू नका. जेवू द्या, आंघोळ करू द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी काय शिकलास असं विचारू नका, कोणाशी भांडण झालं, कोणाशी मैत्री झाली, जेवायला काय होतं हे विचारा, बाकीचं आपोआप येतं. आणि एक वाक्य घरात कधीच म्हणायचं नाही, कॅम्पला जाऊन हेच शिकलीस का. आमच्याकडे हे वाक्य होतं. ग्लास फुटला, अभ्यास नाही केला, आवाज चढवला, की हे वाक्य. मी बाराव्या वर्षी कॅम्पमधलं काहीही घरी सांगणं बंद केलं ते याच वाक्यामुळे, आणि आई वाईट नव्हती, थकलेली असायची. मुलाने ठरवलेली चांगली गोष्ट त्याच्याच विरुद्ध वापरली की ते परत काही ठरवत नाही.

मुलांनी काय करायचं, तर दहा गोष्टी ठरवून येऊ नका. एकच ठरवा, छोटी, आणि ती घरात दिसणारी हवी. मी तेराव्या वर्षी ठरवलं की रोज रात्री आजीच्या पायाला तेल लावायचं. रोज बायबलचे तीन अध्याय वाचायचे असंही ठरवलं होतं, ते लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन थांबलं. तेल चालू राहिलं, आठ वर्षं, शेवटपर्यंत. आणि तेल लावताना आजी जी जुनी मराठी गीतं गुणगुणायची ती मला तिथेच पाठ झाली.

अजून एक, कॅम्पमधल्या एका तरी मुलाशी वर्षभर संबंध ठेवा. ग्रुपमध्ये नुसते फोटो टाकून होत नाही. महिन्यातून एक फोन, तुझी वही चालू आहे का एवढं विचारायला. माझी अशी एक मैत्रीण खांडव्याची, आम्ही दहाव्या वर्षी वरच्या आणि खालच्या बंकवर झोपायचो, अजून महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिचा फोन येतो.

या मे महिन्यात माझी भाची पहिल्यांदा जाणार आहे, नऊ वर्षांची. सवय म्हणून गेल्या शनिवार-रविवारी ती माझ्याकडे झोपायला होती. पहिल्या रात्री दोन वाजता उठून बसली, मावशी, मम्मीकडे जायचंय. मी दिवा लावला, पाणी दिलं, डब्यात एक दशमी उरली होती ती दिली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी मला दिली, आणि मग तिच्या घरच्या मांजरीला कोण कोण भितं ते मला अर्धा तास सांगितलं. दुसऱ्या रात्री सरळ सकाळी सातला उठली.